दगड कुठे सुटतो

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटे असताना किल्लारी परिसराची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा घरी परतले होते आणि गाढ झोपेत होते. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ होती. जगात दरवर्षी याहून मोठे अनेक भूकंप होतात. हा मात्र जमिनीखाली फारसा खोल नव्हता आणि थेट गावांखाली झाला. काही सेकंदांत लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगडांखाली आणि डोक्यावरच्या माळवदाच्या मातीखाली गाडली गेली.

त्यानंतर मराठवाड्यात एक निकाल मनोमन लागून गेला : दगडाचे घर माणूस मारते. तो निकाल ज्यांनी दिला त्यांनी आपली माणसे त्याच दगडांखालून बाहेर काढली होती, म्हणून त्याच्याशी वाद घालताना आवाज खालीच ठेवावा लागतो. तरीही वाद घालणे भाग आहे. महाराष्ट्रात आजही असंख्य कुटुंबे दगड-मातीच्या भिंतींआड झोपतात आणि त्यांतल्या बहुतेकांना नवे घर बांधणे परवडणारे नाही. त्यांना "दगडात राहू नका" एवढेच सांगणे म्हणजे काहीच न सांगणे आहे. त्यांची भिंत तपासता येते, तिचे दुखणे ओळखता येते आणि गावातलाच गवंडी ती बऱ्याच अंशी बळकट करू शकतो, हे सांगण्यासाठी हे पुस्तक आहे. दगड आपणहून सुटत नाही. जिथे त्याला शेजारच्या दगडाशी बांधलेले नसते तिथे तो सुटतो. पुढची सारी प्रकरणे या एका विधानाचा विस्तार आहेत.

आधी ती भिंत नीट पाहू. मराठवाड्याच्या जुन्या घराची भिंत बाहेरून एकजीव दिसते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात : एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या तोंडाची. दोन्ही काळ्या दगडाच्या, बहुतेक वेळा अनघड, मातीत रचलेल्या. मधल्या पोकळीत चिपा, गोटे आणि माती यांची भर. जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. एवढी जाड भिंत पाहून माणसाला धीर येतो. पण दोन्ही तोंडांना सांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड तिच्यात क्वचितच असतो. कारणही सरळ आहे : तीन-चार फूट लांबीचा दगड फोडून आणणे खर्चाचे, उचलणे कष्टाचे. भिंत जितकी जाड, तितका आरपार दगड दुर्मिळ. म्हणजे ज्या जाडीवर घरमालकाचा भरवसा, तीच जाडी भिंतीला आतून दुभंग ठेवते.

आता भूकंपात काय होते ते पाहा. घराला वजन नुसते पेलायचे असेल तर ही भिंत शंभर वर्षे उभी राहते, कारण वजन दगडावर दगड दाबत खाली जाते आणि दगडाला दाब मानवतो. भूकंपात जमीन आडवी सरकते. भिंतीचे वजन जितके जास्त, तितका तिच्यावर येणारा आडवा जोर जास्त. ३ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि पाऊण मीटर जाड भिंतीचे वजन सुमारे १५ टन भरते. जमिनीचा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश इतका धरला, तरी त्या भिंतीला सुमारे ३ टनांचा आडवा रेटा बसतो, आणि तोही एका सेकंदात अनेकदा, कधी या अंगाने तर कधी त्या. या रेट्याने आतली भर खाली बसू लागते, पाचरीसारखी दोन्ही तोंडांना बाहेर ढकलते, भिंतीला पोट सुटते आणि बाहेरचे तोंड रस्त्यावर कोसळते. राहिलेले तोंड एकटे पडते आणि मागोमाग जाते.

वर माळवद असते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी ही रचना हवामानाच्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. पण पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी दरवर्षी वर आणखी माती पडते, जुनी कोणी काढत नाही, आणि पिढी-दोन पिढ्यांत थर दोन फुटांवर जातो. ६० सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला जवळपास एक टन होते. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर त्यामुळे आठ-नऊ टन माती असते.

इथे किल्लारीने दाखवलेली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती कमी सांगितली जाते. मराठवाड्याच्या चांगल्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर असतो. खांब, तुळया आणि त्यांच्यामधले खण हा घराचा खरा सांगाडा. जिथे हे लाकूड शाबूत होते आणि सांधे घट्ट होते, तिथे भिंती चहूबाजूंनी ढासळल्या तरी माळवद खांबांवर उभे राहिले आणि खालची माणसे वाचली. जिथे खांबाचा पाय कुजला होता किंवा तुळई नुसती टेकवलेली होती, तिथे सारेच खाली आले. शेजारशेजारच्या दोन घरांत दगड तोच, माती तीच. फरक होता तो बांधून ठेवण्यात.

बांधून ठेवण्याचे हे ज्ञान हिमालयात राहणाऱ्यांनी फार पूर्वी भिंतीतच घातले. हिमाचलातल्या काठकुणी बांधकामात दगडाच्या थरांमध्ये लाकडाचे आडवे थर असतात आणि ते कोपऱ्यावर एकमेकांत अडकवलेले असतात. काश्मीरमधल्या धज्जी देवारीत लाकडी चौकटींच्या लहान लहान खणांत दगड-विटा भरतात, म्हणजे सुटलेला दगड आपल्या खणापलीकडे जात नाही. ज्या प्रदेशात प्रत्येक पिढीला भूकंप दिसतो, तिथे गवंडी असे शिकतो. दख्खनच्या पठारावर मोठा भूकंप अनेक पिढ्यांत एखादाच. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगरातली दगडी घरे पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. पण तो धडा सह्याद्रीतून तेरणेच्या खोऱ्यात, किल्लारीपर्यंत पोहोचला नाही. १९९३ मध्ये देशाच्या भूकंप नकाशावर किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होती. २००२ च्या सुधारित नकाशाने तो पहिला विभागच रद्द केला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला. मार्च २०२४ मध्ये हिंगोली, नांदेड, परभणीच्या लोकांना ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने घराबाहेर पळावे लागले, तेव्हा हा विषय संपलेला नाही याची आठवण पुन्हा झाली.

या पुस्तकाचा पहिला भाग परीक्षेचा आहे. भिंतीची परीक्षा दोन ठिकाणी होते : प्रयोगशाळेत आणि जागेवर. प्रयोगशाळेत भिंत मोडेपर्यंत ताणता येते, आणि भिंत कशी मोडते हे कळल्याशिवाय ती कशी सावरायची हे कळत नाही. आपल्या देशात या कामाची सुरुवात रुरकीला झाली. जय कृष्ण यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये तिथे भूकंप अभियांत्रिकीचे संशोधन आणि प्रशिक्षण सुरू झाले. घरांची परीक्षा घेण्यासाठी तिथे उभारलेले साधन मला आजही आदर्श वाटते. रेल्वेच्या रुळांवर एक वाघीण. तिच्यावर घराचे मॉडेल बांधायचे. दोन्ही बाजूंना वजन भरलेल्या वाघिणी ओढून ठेवायच्या आणि त्या मधल्या वाघिणीवर आदळवायच्या. परदेशी यंत्राची वाट न पाहता देशात मिळणाऱ्या सामानातून धक्का निर्माण केला गेला. किल्लारीनंतर तिथे दगडी घरांच्या मॉडेलांवर असेच प्रयोग झाले. त्यांत दिसले, की भिंतींभोवती फिरणारे आडवे पट्टे नसलेल्या घराच्या भिंती कोपऱ्यांत फाटून सुट्या होतात; पट्टे घातलेल्या घराला भेगा पडतात, पण ते घर म्हणून उभे राहते. इटलीत पाव्हियाच्या संशोधन केंद्राने पूर्ण आकाराची दोन मजली दगडी घरे कंपन-मंचावर हलवली, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा आला : भिंती एकमेकींना आणि मजल्याला नीट जोडल्या, की त्या सुट्या सुट्या कोसळण्याऐवजी सगळे घर मिळून हादरा सोसते.

प्रयोगशाळेच्या निकालांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही या पुस्तकाने स्पष्ट सांगितले आहे. मॉडेल निम्म्या मापाचे केले, तर त्याचे वजन एक अष्टमांश होते, पण भिंतीच्या पायाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश राहते. म्हणजे दगडांवरचा दाब निम्माच उरतो. ही कसर वरून वजने ठेवून भरून काढावी लागते. शिवाय प्रयोगशाळेतली भिंत नवी असते, चांगल्या गवंड्याने देखरेखीखाली बांधलेली असते. गावातली भिंत साठ पावसाळे प्यायलेली असते. तिच्यात उंदरांची बिळे असतात, मागून ठोकलेल्या खुंट्या असतात, भाऊवाटणीत फोडून नंतर बुजवलेले दार असते. म्हणून जागेवरच्या परीक्षेला पुस्तकात अधिक पाने दिली आहेत, आणि ते योग्यच आहे.

जागेवरची काही तंत्रे महाग आहेत. सांध्यात खाच पाडून तिच्यात तेलाच्या दाबाने फुगणारी चपटी पोलादी पिशवी बसवतात आणि भिंतीवर मुळात किती दाब आहे ते मोजतात. घडीव दगडाच्या, सरळ थरांच्या भिंतीत ती पद्धत चालते, अनघड दगडात मात्र तिचा फार उपयोग होत नाही. भिंतीच्या एका बाजूला ठोका देऊन दुसऱ्या बाजूला कंपन पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजतात. आत पोकळी असेल तर वेळ वाढतो. मोठ्या वाड्यासाठी, देवळासाठी, शाळेच्या जुन्या इमारतीसाठी ही तंत्रे वापरावीत. साध्या घराला ओळंबा, हातोडी, टोकदार सळई, मोजपट्टी आणि पाहण्याची सवय पुरते. भिंत ओळंब्यातून किती सुटली आहे? पोट कुठे आले आहे? कोपऱ्यात एका भिंतीचे दगड दुसरीत शिरले आहेत, की दोन भिंती नुसत्या एकमेकींना टेकल्या आहेत? हातोडीचा आवाज भरीव येतो की पोकळ? सांध्यातली माती सळईने किती खोल उकरली जाते? दार-खिडकी कोपऱ्याला किती खेटून आहे? जोत्याजवळ ओल किती चढली आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे : भिंतीचा पडका भाग किंवा उघडे टोक असेल तिथे आरपार दगड किती दिसतात ते मोजावे. एका दुपारी दोन माणसांनी करण्यासारखे हे काम आहे. त्यासाठीचा तक्ता पुस्तकात आहे आणि ग्रामपंचायतीने तो गावाच्या प्रत्येक गल्लीत वापरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा भाग मजबुतीकरणाचा. नवे दगडी बांधकाम कसे करावे हे भारतीय मानक ब्युरोच्या १९९३ सालच्याच १३८२८ क्रमांकाच्या मानकात सांगितले आहे : भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त दर १.२ मीटरला एक आरपार दगड हवा. तो मिळत नसेल तर त्याच्या जागी काँक्रीटचा तुकडा किंवा वाकवलेली सळई चालेल. घराभोवती अखंड फिरणारे आडवे पट्टेही हवेत. पण उभ्या घराचे काय? या प्रश्नावर ज्यांनी आयुष्यभर काम केले त्यांत आनंद स्वरूप आर्य यांचे नाव आधी घ्यावे लागते. अभियंत्याशिवाय बांधल्या जाणाऱ्या घरांसाठीची १९८६ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली आणि जगभरच्या गवंड्यांपर्यंत गेली. जुन्या भिंतीत आरपार दगड बसवता येत नाही, पण आरपार बंध ओतता येतो. भिंतीतले एक-दोन दगड हलक्या हाताने सैल करून काढायचे, आतली भर उकरत पलीकडपर्यंत अरुंद भोक न्यायचे, दोन्ही टोकांना ते थोडे रुंद ठेवायचे, त्यात टोके वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. सुकल्यावर हा बंध दोन्ही तोंडांना धरून ठेवतो. पहारीने दणके देऊन भोक पाडायचे नाही. त्या दणक्याने शेजारचे दगड सुटतात. धीर लागतो, पण हत्यार साधेच लागते.

दुसरा उपाय पट्ट्याचा. दारांच्या वर, तुळयांच्या खाली, भिंतीच्या बाहेरून आणि आतून वेल्डेड जाळीची पट्टी घालायची, दोन्ही पट्ट्या भिंतीतून आरपार तारांनी जोडायच्या आणि वर सिमेंटचा गिलावा करायचा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जे करते तेच हा पट्टा घराला करतो : चाकाचा प्रत्येक लाकडी भाग सुटा असतो, पण धाव बसली की कोणताच बाहेर सरकू शकत नाही. आणि धाव एका जागी तुटलेली असेल तर ती नसल्यासारखीच. म्हणून पट्टा कोपऱ्यावर थांबवायचा नाही, जाळीचे टोक पुढच्या पट्टीवर पुरेसे चढवायचे. कोपऱ्यांत उभी जाळी, माळवदावरची जादा माती उतरवून गळतीसाठी प्लास्टिकचा कागद, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार, तुळयांची टोके भिंतीला जखडणे आणि जोत्याजवळचे पाणी दूर काढणे, या कामांचा क्रम आणि कृती चित्रांसह दिली आहे. ज्याच्याकडे सगळ्याला पैसे नाहीत त्याने आधी माती उतरवावी. तिला सिमेंट लागत नाही, घामच लागतो, आणि जिवावरचा धोका तेवढ्यानेही कमी होतो.

मजबुतीकरणाने नुकसानही होऊ शकते, हे विसरू नये. इटलीत उंब्रिया आणि मार्के या प्रांतांत अनेक दगडी घरांची लाकडी छपरे काढून काँक्रीटची जड छपरे घातली गेली होती. १९९७ च्या भूकंपात त्यांतल्या काही घरांची छपरे जवळपास अखंड राहिली, पण त्यांच्याखालच्या दुबळ्या भिंती फुटल्या. वरचा भाग बळकट केला, वजन वाढवले आणि खालची भिंत तशीच दुभंग ठेवली. आपल्याकडे माळवद काढून स्लॅब ओतण्याची हौस वाढते आहे. आरपार बंध न घातलेल्या दगड-मातीच्या भिंतीवर स्लॅब ओतणाऱ्या प्रत्येकाने यावरचे प्रकरण वाचावे. तसेच दगड-मातीच्या भिंतीला चहूबाजूंनी सिमेंटचा जाड गिलावा करून ओल आत कोंडू नये; ओली माती दगड धरून ठेवत नाही.

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनाचा इतिहासही या विषयाचाच भाग आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने मोठा कार्यक्रम राबवला. सर्वाधिक हानीची गावे नव्या जागी वसली आणि त्याहून कितीतरी अधिक गावांत, जवळपास दोन लाख घरांच्या दुरुस्तीची आणि मजबुतीकरणाची योजना झाली. गावागावांतल्या महिला मंडळांमधून संवाद सहायक नेमल्या गेल्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यात मोठा वाटा उचलला. घर कसे बांधले जाते आणि पट्टा म्हणजे काय, हे त्या बायकांनी समजून घेतले आणि शेजारणींना समजावले. तरीही अनेक कुटुंबांनी मिळालेल्या मदतीतून जुन्या घराची भिंत बळकट करण्याऐवजी शेजारी विटा-सिमेंटची एक लहान खोली बांधली. त्यांना दोष देता येत नाही. ज्या भिंतीने शेजाऱ्याला गाडले तिच्यावर पैसा घालायला मन धजत नाही, आणि नवी खोली डोळ्यांना दिसते तसा भिंतीतला बंध दिसत नाही. पण पुढे कुटुंब वाढले, एका खोलीत मावेना, आणि जुन्या दगडी घरात पुन्हा राबता सुरू झाला. भिंती मात्र होत्या तशाच राहिल्या. अशा तशाच राहिलेल्या भिंतींचे काय होते ते पुढे नेपाळमध्ये दिसले : २०१५ च्या भूकंपात तिथे पडलेल्या घरांत दगड-मातीची घरे सर्वाधिक होती.

म्हणून या पुस्तकाचा खरा वाचक गवंडी आहे. अभियंता गावात एकदा येऊन जातो. गवंडी तिथेच राहतो. दगडाला तोंड कुठे आहे हे त्याला बोटांनी कळते. त्याला फक्त एवढे पटवायचे आहे, की जो दगड कोणाला दिसणार नाही, भिंतीच्या पोटात आडवा जाणार आहे, तोच सर्वांत मोलाचा. घरमालकालाही मजुरी देताना हे उमगायला हवे. दर्शनी तोंड घडवायला तो आनंदाने पैसे मोजतो. आरपार बंधासाठी त्याने तसेच मोजावेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक वाचावे, कारण त्यांच्या अभ्यासक्रमात काँक्रीटला अनेक सत्रे मिळतात आणि ज्या भिंतींत देशातली असंख्य माणसे राहतात त्यांना काही तासच. या पुस्तकात कोकण-गोव्याच्या जांभ्या चिऱ्यांचे बांधकाम घेतलेले नाही. त्याचा दगड, त्याचे थर आणि त्याची दुखणी निराळी आहेत. त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे.

एक मर्यादा सांगून थांबतो. मजबूत केलेल्या दगडी घराला मोठ्या भूकंपात भेगा पडतील, गिलावा उडेल, कदाचित ते पुढे राहण्याजोगेही उरणार नाही. मजबुतीकरणाचे वचन एवढेच आहे, की घर एकदम कोसळणार नाही आणि आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळेल. ज्या जिल्ह्यांनी १९९३ ची पहाट पाहिली त्यांना त्या काही क्षणांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पुढचा भूकंप कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. आपल्या भिंतीत आरपार बंध आहेत की नाहीत हे मात्र या आठवड्यात पाहता येते. वाचकाने पहिले प्रकरण संपवून पुस्तक बाजूला ठेवावे, ओळंबा घेऊन आपल्या घराची एक फेरी मारावी आणि मग दुसरे प्रकरण उघडावे.